पाच माणसांचा आठवड्याचा बाजार गोव्यात कसा बसवायचा

तुम्ही लिहिले आहे की साताऱ्याहून पर्वरीला येऊन आठ महिने झाले. घरात पाच माणसे: तुम्ही दोघे, दहा आणि सहा वर्षांची मुले आणि शाकाहारी सासूबाई. दर शनिवारी मोठ्या दुकानात जाऊन आठवड्याचा सगळा बाजार एकदम आणता आणि सोमवार ते रविवारचा बेत वहीत लिहून ठेवता. तरी बुधवारपर्यंत पालेभाजी मान टाकते, गुरुवारी बेत मोडतो, शुक्रवारी बाहेरून मागवावे लागते आणि महिनाअखेर हिशेब साताऱ्याच्या दीडपट निघतो. मासे खायची हौस आहे, पण ते परवडत नाहीत असे वाटते.

मी फोंड्यात तेवीस वर्षे डबे देते. एके काळी साठ होते, आता चाळीस आहेत. ठरलेल्या पैशांत रोज चाळीस जणांचे जेवण बसवायचे म्हणजे बाजाराकडे रोज नव्याने बघावे लागते. तुमच्या वहीत मला पहिली गोष्ट दिसली ती अशी की तुम्ही बेत आधी ठरवता आणि मग तो बाजारात शोधता. इथे ते महाग पडते. गोव्यात भाजीचा मोठा भाग बेळगावहून चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून येतो. मासे समुद्र देईल तसे येतात. नारळ, उकडे तांदूळ, कडधान्य, मिरची यांचा हिशेब इथल्या घरांत वर्षाचा असतो. या सगळ्याला एकाच शनिवारी एका पिशवीत कोंबले तर काहीतरी सडणार आणि काहीतरी चढ्या भावाने पदरात पडणार. म्हणून बाजार चार भागांत तोडा. काही जिन्नस वर्षाचे, काही महिन्याचे, काही आठवड्याचे आणि काही त्या त्या दिवसाचे. पुढचे सगळे याच एका गोष्टीचे तपशील आहेत.

भाजीपासून सुरुवात करते, कारण तुमचे सर्वांत जास्त नुकसान तिथे होते आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहार मार्गदर्शिका काढली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात तिने ४०० ग्रॅम भाजी धरली आहे. बटाटा मी त्यात मोजत नाही. पाच माणसे, सात दिवस म्हणजे १४ किलो. मुले लहान आहेत म्हणून १२ धरा. तुमची शनिवारची यादी मी बेरीज करून पाहिली, ती जेमतेम साडेपाच किलो भरते आणि त्यातलीही एक किलो टाकून दिली जाते. म्हणजे तुम्ही भाजी कमी आणता, महाग आणता आणि त्यातली फेकता. भाजी दुपटीने आणूनही खर्च फारसा वाढणार नाही, फक्त ती कुठून आणि कधी आणायची ते बदला.

पर्वरीहून म्हापसा जवळ आहे. शुक्रवारचा बाजार तुमचा मुख्य बाजार करा. सकाळी आठच्या आत पोहोचा. नऊनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि गावठी माल संपतो. आत शिरलात की दोन प्रकारचे विक्रेते दिसतील. एकीकडे एकसारख्या आकाराचे टोमॅटो, एकसारखी फरसबी, पोत्यांच्या राशी. तो माल घाटावरून आलेला असतो. दुसरीकडे जमिनीवर गोणपाट पसरून बसलेल्या बायका असतात. त्यांच्यापुढे तांबड्या भाजीच्या, म्हणजे लाल माठाच्या, दहा-पंधरा जुड्या, चार पपया, वेडीवाकडी काकडी, थोडे अळू, एखादा नीरफणस, मयड्याच्या केळ्यांचा एखादा फणा. प्रत्येक नग वेगळ्या मापाचा असला की समजावे, हा माल घरच्या परसातला आहे. तांबडी भाजी, मुळा, वाल, भेंडी आणि वांगी त्यांच्याकडून घ्या. आगशीची आणि ताळगावची वांगी दिसली तर हात आखडू नका. गावठी वस्तूला इथे भाव जास्त सांगतात आणि तो द्यावा असे माझे मत आहे. त्या जुडीत देठ कमी वाया जातात आणि ती रात्रीपर्यंत टवटवीत राहते. घासाघीस करायचीच असेल तर पोतेवाल्याशी करा.

कांदा, बटाटा, टोमॅटो, कोबी, गाजर, फ्लॉवर यांसाठी मात्र म्हापशाला ओझे वाहू नका. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे भाजीचे गाडे गावोगावी आहेत. तिथे सवलतीचे दर असतात आणि त्या दिवसाचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो. मंगळवारी किंवा बुधवारी तिथे दहा मिनिटे थांबा आणि आठवड्याची दुसरी अर्धी भाजी आणा. माल सकाळी उतरतो, संध्याकाळी उरलेला मिळतो, म्हणून तुमच्या घरातल्या ज्याला सकाळी जमेल त्याने जावे. फळ्यावरचा भाव हा तुमचा मापदंड ठेवा. दुकानात टोमॅटो हातात घेण्याआधी गाड्यावर तो कितीला आहे हे माहीत असले की फसगत होत नाही.

आणलेली भाजी कोणत्या क्रमाने खायची हे बेताच्या वहीपेक्षा महत्त्वाचे आहे. शुक्रवारी आणलीत तर शुक्रवार-शनिवारी पालेभाज्या संपवा. तांबडी भाजी आमच्याकडे दुसऱ्या दिवशीच्या दुपारपलीकडे ठेवत नाहीत. रविवार-सोमवारी भेंडी, वांगी, दोडके, गवार. मंगळवारनंतर दुधी, कोबी, कोहळा, तांबडा भोपळा, सुरण, कणगे. कणगे म्हणजे रताळी, इथे ती भाजीतही घालतात. तुमच्या वहीत मंगळवारी पालक आणि शनिवारी दुधी लिहिलेला होता. तो उलटा करा, एवढ्यानेच निम्मी नासाडी थांबेल.

पावसाळ्यात घाटावरची भाजी कमी येते आणि जी येते ती भिजलेली असते. टोमॅटो तर दरवर्षी जून ते ऑगस्टमध्ये चढतो. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये देशभर तो शंभरी ओलांडून गेला होता, तो पावसाळा आठवत असेल तुम्हालाही. गोव्याच्या स्वयंपाकाला टोमॅटोवाचून अडत नाही, हे आपले भाग्य. आंबटाला सोले, म्हणजे आमसुले, आहेत, चिंच आहे, बिंबले आहेत, आंबाडे आहेत, कैरी आहे. टोमॅटो ज्या आठवड्यात महाग होईल त्या आठवड्यात तो आणूच नका. आणि पावसातली रानभाजी शिकून घ्या: तायकिळा, कुड्डूक, तेरे, अळू, फागले. रस्त्याकडेला बसलेल्या बाईला विचारा, ती चिरायची कशी आणि खाज मोडायला आंबट काय घालायचे ते सांगते. तायकिळा चण्याची डाळ किंवा फणसाच्या बिया घालून, वर नारळ पेरून केला की मुलेही खातात. तेऱ्याला आंबट घातल्याशिवाय हात लावू नका, घसा धरतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे आणि बेळगावकडे महापूर आला तेव्हा रस्ते बंद झाले आणि गोव्यात भाजी आणि दूध दोन्हीची टंचाई पडली. माझे तेव्हा साठ डबे होते. मी ते दिवस अळसांदे (इथली चवळी), कुळीथ, वाल, सुरण आणि शेजारणींच्या परसातल्या अळवावर काढले. एकही डबा चुकला नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत किराणा दुकानेसुद्धा बंद होती, तेव्हाही तसेच. हे सांगते ते घाबरवायला नाही. घाट बंद पडणे ही इथली नेहमीची शक्यता आहे, म्हणून तुमच्या कपाटात दहा दिवसांचे कडधान्य कायम असावे.

आता मासे.

तुम्ही इसवणाचे, म्हणजे सुरमईचे, तुकडे घेता आणि मासे परवडत नाहीत म्हणता. इसवण आम्हीही सणासुदीला घेतो. मासे किलोच्या भावावर तोलू नका, ताटात किती येते त्यावर तोला. माझ्या तराजूवर अख्खी सुंगटे, म्हणजे कोळंबी, डोके आणि साल काढल्यावर निम्म्यापेक्षा थोडी कमीच उरतात. बांगडा साफ केल्यावर आणि काटे सोडल्यावर साठ टक्क्यांच्या आसपास खायला मिळतो. इसवणाच्या तुकड्यात फारसे वाया जात नाही. समजा सुंगटे ४०० रुपये किलो आहेत, तर खाण्याजोगे मांस ८०० रुपये किलोच्या थोडे वरच पडले. बांगडे २०० रुपये असतील तर ३३३ रुपयांनी. इसवण ८०० असेल तर जवळजवळ ९०० रुपयांनी. हे भाव मी हिशेबासाठी धरले आहेत, तुम्ही त्या दिवसाचे घाला. तिसऱ्यांचे म्हणाल तर वजनाचा बहुतेक भाग शिंपल्यांचाच असतो, पण चार जणांच्या कालवणाला थोड्या पुरतात, कारण त्या चवीसाठी असतात, पोट भरायला नारळाचे वाटण आणि भात असतो.

तेव्हा आठवड्यातून दोनदा बांगडे, तारले, पेडवे, लेपे, वेर्ल्या, दोडयारे अशा लहान माशांतले जे त्या दिवशी भरपूर आले असेल ते घ्या. भरपूर आले आहे हे कळायला विचारावे लागत नाही. ज्या माशाचे ढीग प्रत्येक नुस्तेकान्नीपुढे, म्हणजे मासेवालीपुढे, दिसतात तो त्या दिवशी स्वस्त असतो. बाजारात मासे बऱ्याचदा वाट्याने विकतात. वाटा सांगितला की आधी नग मोजा आणि मग मासे खाणाऱ्या चार माणसांना किती येतील ते मनात ठरवा. नवख्या माणसाला वाटा मोठा दिसतो कारण मोठे मासे वर मांडलेले असतात. एकदा हाताने सारून खालचे बघा, त्यात कोणी रागावत नाही. एकाच बाईकडून दोन-तीन महिने घेत राहा. ती मग आपणहून सांगते, आज हे नको, उद्या ये.

रविवारी सकाळी मासे घेऊ नका, त्या दिवशी सगळा गोवा बाजारात असतो. हिंदू घरांत सोमवारी आणि गुरुवारी बहुतेक ठिकाणी मासे शिजत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी गर्दी कमी आणि भाव नरम असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. गुरुवारी संध्याकाळी घ्या, साफ करून मीठ-हळद लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि शुक्रवारी शिजवा. श्रावणातही मागणी उतरते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या काळात बाजारात दिसणारा बराच समुद्री मासा बाहेरून आलेला किंवा बर्फातला असतो. २०१८च्या जुलैत फॉर्मेलिनचा प्रश्न उठला होता तो याच दिवसांत. त्या दोन महिन्यांत मी नदीतले शेवटे नावाचे मासे घेते, नाहीतर सुक्या माशांवर काढते. महाग इसवणासाठी जून-जुलैमध्ये पैसे घालणे मला पटत नाही.

ताजेपणा बघताना डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ले लाल हवेत, पोट बोटाने दाबले की परत वर यायला हवे. बांगड्याच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगते. बांगडा उन्हात तासभर जरी राहिला तरी त्यात हिस्टामिन तयार होऊ शकते आणि ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होते, डोके दुखते, अंगावर पित्त उठते. लोक त्याला बांगड्याची ॲलर्जी समजतात. म्हापशाला जाताना बर्फाचा डबा किंवा निदान जाड थर्माकोलची पेटी बरोबर न्या आणि मासे सगळ्यात शेवटी घ्या. फ्रीजरमध्ये ठेवायचे तर एका वेळेला लागतील तेवढेच एका पिशवीत. बांगडा, तारले तेलकट, ते महिन्याभरात संपवा, नंतर खवट लागतात.

सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागतो म्हणून दमता, हेही तुम्ही लिहिले आहे. वाटण एकच करा. नारळ, सुकी मिरची, धणे, हळद, चिंच असे हुमणाचे, म्हणजे इथल्या माशांच्या आमटीचे, वाटण वाटले की त्याचे दोन भाग करा. एकात मासे जातात, दुसऱ्यात वांगी, भेंडी किंवा आंबाडे. तिरफळे दोन्हींत चालतात. आमच्याकडे माशाच्या दिवशी शाकाहारी माणसाचे ताट रिकामे वाटू नये म्हणून मुगागाठी करतात: मोड आलेले सोललेले मूग, ओले खोबरे, थोडा गूळ. तेवढे केलेत तर त्यांना आपले काही राहून गेले असे वाटणार नाही. भांडी मात्र वेगळी ठेवा, त्यांच्या मनासाठी.

बेताच्या वहीत पदार्थांची नावे लिहायचे बंद करा. त्याऐवजी साचा लिहा. माझ्या घराचा सांगते. सोमवारी डाळ-भात आणि दोन भाज्या. मंगळवारी कडधान्याचे तोणाक, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याचे दाट कालवण, अळसांद्याचे, चण्याचे किंवा वाटाण्याचे, आणि त्याबरोबर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव. बुधवारी मासे. गुरुवारी खतखते, म्हणजे अनेक भाज्यांचे एकत्र कालवण, किंवा जी कंदमुळे उरली असतील ती एकत्र. शुक्रवारी बाजारातून आलेली पालेभाजी आणि गुरुवारी घेतलेले मासे. शनिवारी अंडी, तुमच्या सासूबाईंना मुगाची उसळ. रविवारी मनाला येईल ते. मंगळवारी कोणते कडधान्य हे सोमवारी रात्री भिजत घालताना ठरवायचे, शुक्रवारी कोणती भाजी हे बाजार ठरवेल. साचा मोडत नाही, कारण त्यात मोडण्यासारखे काही लिहिलेलेच नसते.

न्याहारीला तुम्ही पाकिटातले सीरियल आणता, त्यावर महिन्याला बरेच पैसे जातात. सकाळी पोदेर सायकलीवर दारात येतो. त्याच्याकडची कोंड्याची पोई आणि घरची पातळ भाजी मुलांना द्या. पाव शिळा झाला की तव्यावर भाजून खाता येतो, टाकू नका. आठवड्यातून दोनदा उकड्या तांदळाची पेज करा. सकाळी अकराच्या सुमारास सासूबाईंना पेज आणि लोणचे किंवा सुंगटाऐवजी भाजलेल्या खोबऱ्याची चटणी आवडेल, पचायला हलकी असते. उकडा तांदूळ भातासाठीही शिजवलात तर तो जास्त फुगतो, पोटाला धरतो. पहिले दोन आठवडे मुले नाक मुरडतील. आठवड्यातले दोन दिवस उकडा, बाकी सुरय, म्हणजे न उकडलेला, असे चालू द्या. कोरगुट मिळाला तर एकदा जरूर घ्या. तो खाजन शेतातल्या खारट मातीत पिकतो आणि पेजेला त्याच्यासारखा तांदूळ नाही.

नारळावर थोडे थांबते, कारण गोव्यात आलेल्या प्रत्येक घराचा हिशेब नारळाने बिघडतो. इथला स्वयंपाक शिकायचा म्हणून प्रत्येक भाजीत नारळ पडू लागतो. रोज अर्धा नारळ म्हणजे महिन्याला पंधरा, आणि गेल्या काही वर्षांत नारळ खूप चढला आहे. मी दिवसातून एकाच पदार्थाला वाटण लावते, दुसऱ्या भाजीवर फक्त चिमूटभर पेरते, आणि कुळथाचे सार, मुळ्याची कोशिंबीर, फोडणीची डाळ असे बिननारळाचे काहीतरी तिसरे असते. नारळ दुकानातून सुटा घेण्याऐवजी ओळखीच्या बागायतदाराकडून एकदम पंचवीस घ्या. हलवून बघा, पाण्याचा आवाज यायला हवा. डोळ्यांवरची शेंडी काढू नका, ती असली की नारळ बराच टिकतो. फोडला की दोन्ही वाट्या एकाच दिवशी खवून अर्धे खोबरे फ्रीजरमध्ये टाका. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात नारळ, केळी आणि भाजी सगळेच चढते, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांच्या, खरेदीने बाजार फुगलेला असतो. तुमचे नारळ त्याआधी तीन आठवडे घरात येऊन पडलेले असावेत.

महिन्याच्या किराण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गोवा बागायतदार या सहकारी संस्थेच्या दालनात किंवा तुमच्या पसरकाराकडे, म्हणजे वाण्याकडे, एकदाच यादी द्या. पाकिटावर आता एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा, मोठ्या पाकिटावर किलोचा किंवा लिटरचा दर छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. तेलाच्या पिशव्यांकडे विशेष लक्ष ठेवा. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, आणि शेजारी ठेवलेली तेवढीच दिसणारी पिशवी ८०० किंवा ८५० ग्रॅमची असू शकते. तेल किती लागावे याचाही हिशेब आहे. त्याच मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरले आहे, म्हणजे पाच माणसांना महिन्याला चार किलोच्या आसपास. तुमच्या यादीत सहा लिटर आहे. रवा आणला की लगेच कोरडा भाजून ठेवा. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की न भाजलेल्या रव्यात पंधरा दिवसांत किडे होतात. कांदा पावसाळ्यात पाच किलोपेक्षा जास्त घेऊ नका. मी एकदा मे महिन्यात स्वस्त मिळाला म्हणून पन्नास किलो घेतला, जमिनीवर पसरला, आणि जुलैपर्यंत त्यातला तिसरा हिस्सा कुजून गेला. कांद्याचा भाव चढतो तो साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, उन्हाळी साठा संपत आलेला असतो आणि खरिपाचा कांदा पावसाने लांबतो तेव्हा. डिसेंबर २०१९ मध्ये तो शंभराच्या वर गेला होता. त्या दिवसांत कांदा कमी लागणारे पदार्थ करायचे, गोव्याच्या हिंदू स्वयंपाकात ते पुष्कळ आहेत.

राहिले वर्षाचे जिन्नस. इथे त्याला पुरुमेत म्हणतात. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी मे महिन्यात करायची ही जुनी रीत. मडगावला मे-जूनच्या सुमारास पुरुमेताचे फेस्त, म्हणजे जत्रा, भरते, म्हापशाच्या शुक्रवारीही एप्रिलपासून हा माल दिसू लागतो. तुम्ही पहिल्या वर्षी सगळे करू नका. पाच गोष्टी घ्या. अळसांदे पाच किलो, इथले गावठी, वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाच्या, शेतातले. सोले एक किलो. गावठी कांद्याची एक माळ, ती स्वयंपाकघरात वाऱ्याला टांगायची, ती जमिनीवरच्या कांद्यापेक्षा खूप टिकते. सुकी मिरची वर्षाची, त्यात काणकोणची खोल मिरची रंगाला आणि हरमलची तिखटाला. आणि मासे खाता म्हणून सुकी सुंगटे व सुके बांगडे. आगरवाड्याच्या मिठागरातले जाडे मीठही मिळते. ते लोणच्यासाठी घ्या, रोजच्या जेवणात मात्र आयोडीनयुक्तच वापरा, घरात मुले आहेत.

सुके मासे घेताना नखाने दाबून बघा, नख उमटले तर ते पुरते सुकलेले नाहीत. घरी आणून पुन्हा दोन कडक उन्हे द्या, मग वर्तमानपत्रात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. कडधान्यालाही मेमध्ये दोन उन्हे. पर्वरीत फ्लॅट असला तरी गच्चीवर जुनी साडी अंथरून हे होते. जुलैमध्ये बाहेर पाऊस कोसळत असताना मूठभर सुकी सुंगटे भाजून, कांदा, ओले खोबरे आणि सोले चुरडून किसमूर केलीत की तेवढ्यावर पेज जाते.

शेवटी, खर्च किती यायला हवा असे तुम्ही विचारले होते. घराघराचे वेगळे असते, म्हणून मी महिन्याचा आकडा सांगत नाही. तुम्ही ताटामागचा खर्च काढा. पाच माणसे, दोन वेळा, सात दिवस म्हणजे ७० ताटे. बाहेरून मागवलेले जेवण वेगळ्या रकान्यात. आठवड्याचा भाजी, मासे, दूध, अंडी यांचा खर्च अधिक महिन्याच्या किराण्याचा चौथा हिस्सा, त्याला ७०ने भागा. न्याहारी त्यातच येऊ द्या, ती सुटी काढत बसलात तर वही दोन आठवड्यांत बंद पडेल. त्याच पानावर दर मंगळवारी गाड्याच्या फळ्यावरचे कांदा, टोमॅटो, बटाटा, कोबी आणि भेंडीचे भाव लिहा, आणि दर शुक्रवारी बांगड्याचा आणि नारळाचा. चार आठवड्यांची पाने झाली की मला पाठवा. नारळ आणि तेल कुठे जास्त जाते ते मी बघून सांगते, आणि तोवर मुलांना उकडा तांदूळ जमला की नाही तेही कळवा.